बडोद्याच्या मराठी घरात चार भाषा : सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी माँटेसरीची वाट

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या जुन्या भागांतल्या, आणि आता शहराच्या कडेला नव्या सोसायट्यांत राहायला गेलेल्या मराठी घरांत जन्मणाऱ्या मुलाच्या कानांवर पहिल्या तीन वर्षांतच चार भाषा पडतात. आजी-आजोबांची मराठी, शेजारच्या मासींची आणि भाजीवाल्याची गुजराती, टीव्हीवरची व रस्त्यावरची हिंदी, आणि तिसऱ्या वर्षी बालवर्गात सुरू होणारी इंग्रजी. अशा वेळी पालक दोन प्रश्न विचारतात : एवढ्या भाषांनी मूल गोंधळणार तर नाही ना, आणि आम्ही त्याला कोणती भाषा कधी शिकवायची? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इटालियन बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीत बऱ्यापैकी सापडतात. गुजराती, हिंदी आणि इंग्रजी यांना आपल्या शहरात माणसे, जागा आणि कामे आपोआप मिळतात, मराठीला मात्र ती घराने मिळवून द्यावी लागतात, आणि ती धडे देऊन नव्हे तर मुलाच्या हाताला काम देऊन मिळतात, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडले. जन्मापासून सहा वर्षांपर्यंत मुलाचे मन भोवतालची भाषा प्रयत्नावाचून टिपून घेते, आणि हा काळ सरला की तेच काम कष्टाने करावे लागते, असे त्यांचे निरीक्षण होते. ही पद्धत आपल्याला परकी नाही. गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती या संस्थेचे बालमंदिर सुरू केले, आणि त्यांच्या बरोबरीने काम करायला मुंबईत वाढलेल्या ताराबाई मोडक तेथे गेल्या. एका मराठी बाईने गुजराती मुलांमध्ये राहून, गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांत बालशिक्षणाचे लेखन-संपादन केले, आणि पुढे बोर्डी व कोसबाड येथे ते काम महाराष्ट्रात रुजवले. माँटेसरी स्वतः १९३९ साली भारतात आल्या तेव्हा मद्रासजवळच्या अड्यारला त्यांची व्याख्याने इटालियनमध्ये होत आणि त्यांचे चिरंजीव मारिओ ती इंग्रजीत सांगत. अनेक भाषांमधून वाट काढणे या पद्धतीच्या भारतातल्या इतिहासातच आहे.

गोंधळाची भीती

दोन-तीन भाषा एकत्र ऐकणारे मूल सुरुवातीला एकाच वाक्यात त्या मिसळते. ‘मला पाणी पीवुं आहे’ असे वाक्य ऐकून आई घाबरते, पण हे गोंधळाचे लक्षण नव्हे. ज्या भाषेतला शब्द हाताशी आहे तो घेऊन मूल आपले म्हणणे पुरे करते. कोणाशी कोणती भाषा बोलायची हे ते फार लवकर ओळखते, आणि आजोबांसमोर मराठी व मासींसमोर गुजराती असा बदल दोन-अडीच वर्षांचे मूल सहज करताना आपल्याला दिसतो. शब्दसंख्या मोजायची असेल तर सर्व भाषांतले शब्द मिळून मोजावेत, कारण एकट्या मराठीतले मोजले तर मूल मागे आहे असे उगाच वाटते.

मात्र सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द आला नाही, किंवा दोन वर्षे पूर्ण होऊनही मूल आपले आपण दोन शब्द जोडून बोलत नाही, तर थांबू नये. कानांची तपासणी करून घ्यावी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोलावे. अशा वेळी ‘एक भाषा बंद करा, घरातही इंग्रजीच बोला’ असा सल्ला काही जण देतात. तो मानू नये, असे मी आग्रहाने सांगेन. भाषा कमी केल्याने वाचेची अडचण सुटत नाही, उलट आजी-आजोबांशी असलेले मुलाचे बोलणे मात्र तुटते.

माणूस, जागा आणि वेळ

माँटेसरी पद्धतीत व्यवस्थेला फार महत्त्व आहे. प्रत्येक वस्तू ठरलेल्या जागी असली की मूल स्वतः ती घेते आणि परत ठेवते. भाषेलाही अशीच जागा ठरवून द्यावी. एक माणूस एक भाषा हा नियम युरोपात शंभर वर्षांहून जुना आहे, पण आपल्या एकत्र कुटुंबांत तो काटेकोर पाळणे अवघड असते आणि त्याची तेवढी गरजही नसते. आई गुजराती माहेरची असेल तर तिने मुलाशी गुजरातीतच बोलावे, कारण जी भाषा तिच्या तोंडात सहज येते तीच मुलाला पूर्ण वाक्यांसह, लाडांसह आणि रागासह मिळते. वडील व आजी-आजोबा मराठी बोलत असतील तर त्यांनी मुलासमोर मराठी सोडू नये. दोघेही पालक मराठी असतील तर जागा आणि वेळ ठरवावी : स्वयंपाकघर, आंघोळ, जेवणाचे ताट आणि रात्रीची गोष्ट पूर्ण मराठीत, आणि बाहेर पाऊल टाकले की समोरच्याची भाषा.

येथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बडोद्याच्या आजींच्या मराठीत गुजराती शब्द असतात, हेल वेगळा असतो, आणि पुण्याहून आलेले पाहुणे कधी कधी ती दुरुस्त करू पाहतात. मुलासमोर असे कधीही करू देऊ नये. पाच-सहा पिढ्या या शहरात राहून टिकवलेली ती मराठी आहे, आणि मुलाला जिवंत माणसाच्या तोंडून ऐकायला मिळणारी भाषा पुस्तकी शुद्धतेपेक्षा कितीतरी मोलाची असते. पडद्यावरची भाषाही तिची जागा घेऊ शकत नाही, कारण पडदा मुलाच्या उत्तराची वाट पाहत नाही.

स्वयंपाकघर हेच पहिले बालमंदिर

मराठी घरातून आधी नामे जात नाहीत, क्रियापदे जातात. भाजी ‘कट करणे’, हात ‘वॉश करणे’, डाळ ‘मिक्स करणे’ असे बोलणे सुरू झाले की चिरणे, कातरणे, सोलणे, विसळणे, कालवणे हे सगळे एकेका इंग्रजी शब्दामागे दिसेनासे होते. क्रियापदे तोंडी सांगून मुलांना येत नाहीत, ती करून येतात. म्हणून माँटेसरींचे जीवनव्यवहाराचे उद्योग मराठीसाठी सर्वांत उपयोगी साधन आहेत आणि त्यांसाठी काही विकत आणावे लागत नाही.

अडीच वर्षांच्या मुलाला पाणी ओतण्यापासून सुरुवात करून द्यावी. एका छोट्या ताटात दोन लहान पेले, त्यांतल्या एकात अर्ध्यापर्यंत पाणी, आणि शेजारी एक पुसणे ठेवावे. पेले खरे, काचेचे किंवा स्टीलचे असावेत, खेळण्यातले नकोत. आपण मुलाच्या उजव्या बाजूला बसून एकदा संथपणे ओतून दाखवावे आणि दाखवताना गप्प राहावे. बहुतेक पालक येथे चुकतात : हात हलत असताना ते सतत बोलत राहतात, आणि मुलाला पाहावे की ऐकावे हे कळत नाही. शब्द आधी सांगावा किंवा नंतर : ‘आता आपण पाणी ओतू या.’ काम संपल्यावर : ‘तू पाणी ओतलेस. थोडे सांडले, ते टिपून घेऊ या.’ ओतणे, सांडणे, टिपणे, पुसणे, भरणे, रिकामे करणे, एवढी क्रियापदे एका कामातून, खऱ्या पाण्यासह मुलाला मिळाली.

पुढे तीन वर्षांच्या सुमारास मटार सोलणे, शेंगा फोडणे, तांदूळ निवडणे, रवा चाळणे, कोथिंबीर खुडणे. साडेतीन-चारच्या पुढे लहान खलबत्त्यात वेलदोडे कुटणे, पोळपाटावर छोटी पोळी लाटणे, ताक घुसळणे, बोथट सुरीने केळे कापणे. प्रत्येक कामाचे साहित्य मुलाच्या उंचीच्या फळीवर, एका ताटात, नेहमी त्याच जागी असावे. एका वेळी चार-पाच ताटेच ठेवावीत आणि मुलाचा रस संपला की त्यांतले एखादे बदलावे. मूल कामात गढून गेले असेल तर ‘वा, छान!’ असेही म्हणू नये, कारण त्या शांत तंद्रीत त्याचे मन जे जोडत असते ते आपल्या कौतुकाने तुटते.

विशेषणेही हाताने शिकवावीत. दोन फळ्यांवर वेगवेगळ्या कापडाचे तुकडे, मलमल, खादी, लोकर, रेशीम, चिकटवून मुलाला डोळे मिटून चाचपायला द्यावेत : मऊ, राठ, खरखरीत, गुळगुळीत. लहान बरण्यांत हिंग, जिरे, लवंग, वेलची ठेवून वासावरून जोड्या लावायला सांगाव्यात. कोमट आणि गार, जड आणि हलके, जाड आणि बारीक, लांब आणि आखूड या जोड्या आधी पक्क्या होऊ द्याव्यात, मग ‘लांब, त्याहून लांब, सर्वांत लांब’ अशी क्रमवारी घ्यावी.

तीन पायऱ्यांचा धडा

नवे शब्द देण्यासाठी माँटेसरींनी फ्रेंच डॉक्टर सेगँ यांच्याकडून एक साधी रीत घेतली. दोन किंवा फार तर तीन वस्तू चटईवर ठेवाव्यात. पहिल्या पायरीवर नाव सांगावे : ‘ही चाळणी. हा झारा.’ दुसऱ्या पायरीवर मुलाकडून ओळखून घ्यावे : ‘झारा मला दे. चाळणी टोपलीत ठेव. आता झारा डोक्यावर धर.’ ही पायरी सर्वांत लांब चालावी आणि तिच्यात हालचाल व गंमत असावी. तिसऱ्या पायरीवर विचारावे : ‘हे काय आहे?’ मूल चुकले तर दुरुस्ती न करता हसून दुसऱ्या पायरीवर परत जावे किंवा वस्तू उचलून ठेवाव्यात. घरोघरी नेमके उलटे घडते. पाहुणे आले की थेट तिसरी पायरी सुरू होते, ‘सांग बघू, हे काय? आणि मराठीत काय म्हणतात?’, आणि परीक्षेचा विषय झालेली भाषा मूल टाळू लागते.

एका बैठकीत एकाच वस्तूची तीन भाषांतली नावे सांगू नयेत. चाळणी आजींनी मराठीतच सांगावी. तीच वस्तू शेजारच्या मासी त्यांच्या घरी गुजरातीत सांगतील आणि मूल दोन्ही नावे दोन माणसांशी जोडून ठेवील. मासींच्या घरी खाखरे शेकायला मदत करणे आणि उत्तरायणाला गच्चीवर फिरकी धरणे हे गुजरातीचे उत्तम धडे आहेत, आणि त्यांत आपण भाषांतरासाठी मध्ये पडू नये.

शिष्टाचाराचेही असेच छोटे प्रयोग करावेत, कारण मान देण्याच्या रीती भाषेगणिक बदलतात. मराठीत आजोबांना ‘अहो आजोबा, तुम्ही बसा’, गुजरातीत निघताना ‘आवजो’, हिंदीत मोठ्यांना ‘आप’. दारात पाहुणे आल्याचा खेळ करून, आपण पाहुणे होऊन, मुलाला हे दाखवावे. प्रत्यक्ष पाहुण्यांसमोर ‘नमस्कार कर, कर ना’ असे ढकलू नये.

आधी कान, मग बोटे

वाचनापूर्वी ध्वनी वेगळे ऐकू यावे लागतात. साडेतीनच्या आसपास चटईवर तीन वस्तू ठेवून म्हणावे : ‘माझ्यासमोर एक वस्तू आहे, तिची सुरुवात ‘प’ने होते.’ मराठीत येथे एक खाचखळगा आहे. ‘पेन’ किंवा ‘पिशवी’ यांत मुलाला ‘पे’ आणि ‘पि’ ऐकू येते, ‘प’ नव्हे. म्हणून सुरुवातीला पणती, कप, मणी, बस, गहू, लसूण अशाच वस्तू घ्याव्यात आणि काना-मात्रेने सुरू होणारे शब्द नंतर आणावेत.

बडोद्याच्या मुलांसाठी आणखी एक खेळ आवर्जून घ्यावा. मराठीत ‘चिमणी’ आणि ‘चूल’ यांतला ‘च’, तसेच ‘जीभ’ आणि ‘जाळे’ यांतला ‘ज’ वेगळ्या तऱ्हेने उच्चारला जातो. गुजराती आणि हिंदी ऐकणाऱ्या मुलाला त्यांतला पहिलाच उच्चार सवयीचा असतो. दोन वाट्या ठेवून चित्रे वाटून ठेवायला सांगावीत : चिमणी, चहा, चेंडू एका वाटीत, चूल, चाक, चुना दुसऱ्या वाटीत. तोंडातल्या तोंडात म्हणून पाहात मुले हा खेळ आवडीने खेळतात, आणि उच्चारावरून टोकण्याची वेळ येत नाही.

मग खरखरीत अक्षरे. जाड पुठ्ठ्याच्या गुळगुळीत पाट्यांवर बारीक दाण्याच्या पॉलिश पेपरची अक्षरे कापून चिकटवावीत, व्यंजने तांबड्या पाट्यांवर आणि स्वर निळ्या. मूल तर्जनी आणि मधले बोट एकत्र करून, लिहिण्याच्या दिशेनेच, अक्षरावरून बोटे फिरवते आणि त्याच वेळी ध्वनी उच्चारते. शिरोरेघ शेवटी. कान, डोळा आणि हात एकाच वेळी एकाच गोष्टीवर असल्याने अक्षर पक्के होते. वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नये. क, ब, स, म, ग, र, प अशी दिसायला आणि ऐकायला वेगळी अक्षरे आधी घ्यावीत. घ आणि ध, किंवा भ आणि म एकाच आठवड्यात आणू नयेत.

एवढ्या अक्षरांवर शब्द जुळू लागतात. पुठ्ठ्याची सुटी अक्षरे, प्रत्येकाचे पाच-सहा नग, कप्प्यांच्या डब्यात ठेवली की मूल पेन्सिल धरता येण्याआधीच शब्द ‘लिहिते’ : कप, बस, रस, मगर. विश्वामित्री नदीच्या मगरी पाहिलेल्या मुलाला हा शेवटचा शब्द जुळला की किती आनंद होतो! माँटेसरी पद्धतीत लेखन वाचनाच्या आधी येते, ते असे. पुढे घर, नळ, बदक, फणस, मग काना, मग दुसरी वेलांटी. पहिली वेलांटी सर्वांत शेवटी ठेवावी, कारण ती उच्चारात अक्षरानंतर येते आणि लिहिताना अक्षराच्या आधी. मात्रा आणि उकार पारदर्शक प्लास्टिकवर कापून घेतले तर ते अक्षराच्या वर-खाली नीट बसवता येतात. जोडाक्षरांची घाई नको. मुलाने ‘पाणी’चे ‘पानि’ जुळवले तरी ते तसेच राहू द्यावे. ध्वनी ऐकून मांडण्याचे काम त्याने पुरे केले आहे, आणि शुद्धलेखनाला पुढे बराच वेळ आहे.

लिपी एकेक

बोलण्याच्या भाषा एकदम चार चालतात, लिपी एकदम तीन चालत नाहीत, असे माझे ठाम मत आहे. घरात आधी देवनागरी पक्की करावी. तिच्यात हिंदीही येते, म्हणजे एका कष्टात दोन भाषा वाचता येतात. बालवर्गात इंग्रजी अक्षरे सुरू झाली असतील तर ती शाळेवर सोडावीत, घरी त्यांचा सराव घेऊ नये. फार तर ‘बी’, ‘सी’ या नावांऐवजी त्या अक्षरांचे ध्वनी मुलाच्या कानांवर पडतील एवढे पाहावे.

मूल काना-मात्रेचे शब्द सहज वाचू लागले की गुजराती लिपी. ती मराठी मुलाला सोपी जाते : शिरोरेघ नाही, बाराखडी तीच, आणि ग, घ, न, म, प, त, व, स, ण यांसारखी कितीतरी अक्षरे ओळखीची. अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब, भ, ल अशी जी वेगळी दिसतात तेवढीच खरखरीत करून घ्यावीत, आणि पाट्यांना वेगळा रंग द्यावा. ही तयारी टाळता येणारी नाही. गुजरात विधानसभेने २०२३ साली केलेल्या कायद्यानुसार राज्यातल्या सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवणे बंधनकारक आहे, म्हणून इंग्रजी शाळेतल्या मराठी मुलालाही ती लिपी लागणारच.

उशीर झाला असे वाटणाऱ्या पालकांनी धीर सोडू नये. कवळाण्याहून बडोद्याला दत्तक आलेले सयाजीराव गायकवाड १८७५ साली बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळखही नव्हती. त्यानंतर ते मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी शिकले. बोलीचा कान मात्र लहानपणीच तयार होतो, म्हणून बोलणे लवकर सुरू करावे आणि लिपीला वेळ लागला तरी लागू द्यावा.

मूल दुसऱ्या भाषेत उत्तर देते तेव्हा

शाळा सुरू झाली की एक दिवस मूल मराठी प्रश्नाला हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देऊ लागते. ‘मराठीत बोल’ असे म्हटले की ते गप्प होते. त्याऐवजी त्याचेच म्हणणे मराठीत, थोडे वाढवून, परत म्हणावे. मूल म्हणाले, ‘बॉल नीचे गिर गया’, तर आपण म्हणावे, ‘हो का, चेंडू खाली पडला? जिन्यावरून घरंगळत गेला वाटते. चल, आणू या.’ आणि संभाषण पुढे न्यावे. काही महिने मूल मराठी समजेल पण बोलणार नाही. तेवढे दिवस आपण आपले वाक्य आखडते घेऊ नये.

याच्या उलट, नव्या शाळेत मूल आठवडेच्या आठवडे काहीच बोलत नाही, असेही होते. घरी ते भरभरून बोलत असेल, तर शाळेत ते ऐकत आहे आणि साठवत आहे, असे समजावे. शिक्षिकांना भेटून घरी कोणती भाषा बोलली जाते ते सांगावे आणि तहान, शी-शू, पोटात दुखणे यांसाठी मूल कोणते मराठी शब्द वापरते त्याची छोटी यादी त्यांना द्यावी. जमल्यास वर्गात जे सामान आहे, लाकडी ठोकळे, मण्यांच्या माळा, ओतण्याचे पेले, त्याच प्रकारचे एखादे घरच्या फळीवर ठेवावे, म्हणजे हाताला ओळखीचे काम मिळाल्यावर तेथली भाषाही मुलाला लवकर आपली वाटू लागते.